गेमबॉयची आठवण पुरावा म्हणून धरायची का?

संशोधनाच्या तयारीला लागलेली मंडळी मला हमखास एक प्रश्न विचारतात: "ज्या गोष्टीचं मला लहानपणापासून वेड आहे, त्यावरच पीएच.डी. करता येईल का?" उत्तर 'हो' असंच आहे, पण एका अटीवर. ज्या वस्तूवर आपलं प्रेम असतं, तिच्याबद्दलच्या आठवणी हा आपल्या हातात आलेला पहिला विदा असतो आणि त्यात भेसळही सगळ्यात जास्त असते. ती भेसळ ओळखायची कशी, आणि ओळखल्यावर आठवण फेकून न देता वापरायची कशी, हे आज एका उदाहरणावरून बघू.

उदाहरण आहे निन्टेन्डोच्या गेमबॉयचं. १९८९ साली बाजारात आलेला, विटेएवढा जाड, राखाडी रंगाचा, हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम. आज त्याची चित्रं टीशर्टवर आणि मोबाइलच्या कव्हरवर दिसतात. ज्यांनी तो खेळला ते त्याच्याबद्दल हळवे होतात आणि ज्यांनी कधी हातातही घेतला नाही तेही होतात. म्हणून अभ्यासाला ही वस्तू फार सोयीची आहे.

आधी शब्द बघू

'नॉस्टॅल्जिया' हा शब्द एका विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात घडवला, हे मला फार आवडतं. १६८८ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझल इथे योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने घराच्या ओढीने आजारी पडणाऱ्या माणसांवर प्रबंध लिहिला. ग्रीकमधला 'नोस्टोस' म्हणजे घरी परतणं आणि 'आल्गोस' म्हणजे वेदना, असे दोन शब्द जोडून त्याने आजाराला नाव दिलं. त्याच्या नोंदींमध्ये बर्नहून बाझलला शिकायला आलेला एक तरुण आहे, जो घराच्या ओढीने खंगत गेला आणि घराच्या वाटेला लागल्यावर सुधारला.

म्हणजे सुरुवातीला हा एक आजार होता आणि तो जागेशी बांधलेला होता. घरी परत नेलं की आजार बरा. पुढे हा शब्द वैद्यकातून बाहेर पडला आणि जागेवरून काळावर सरकला. काळाला मात्र परतीची गाडी नसते.

मराठीत आपण 'स्मरणरंजन' म्हणतो. शब्द चांगलाच आहे, पण भाषांतरात काय झालं बघा: ग्रीक शब्दातली वेदना गेली आणि तिच्या जागी रंजन आलं. आपण कोणत्या शब्दाने विचार करतो यावर आपल्याला काय दिसतं हे ठरतं. 'स्मरणरंजन' म्हटलं की सुख दिसतं, 'नॉस्टॅल्जिया'च्या मुळाशी गेलं की काहीतरी हरवल्याची कळ दिसते. गेमबॉयच्या बाबतीत दोन्ही आहेत.

आणखी एक भेद कामाचा आहे. स्वेतलाना बॉइम या अभ्यासिकेने २००१ साली आलेल्या 'द फ्युचर ऑफ नॉस्टॅल्जिया' या पुस्तकात नॉस्टॅल्जियाचे दोन प्रकार मांडले. पहिला, हरवलेलं जसंच्या तसं पुन्हा उभं करू पाहणारा. दुसरा, हरवलेपणावरच विचार करत थांबणारा. हा भेद लक्षात ठेवा, पुढे लागेल.

१९८९ साली बाजारात नेमकं काय आलं?

आठवणीआधी वस्तू, हा माझा नियम. एम.एस्सी. इलेक्ट्रॉनिक्सचं असल्यामुळे असेल, पण भावनांच्या आधी डेटाशीट वाचली की मला बरं वाटतं.

गेमबॉय जपानमध्ये २१ एप्रिल १९८९ रोजी आला. किंमत १२,५०० येन. अमेरिकेत तो त्याच वर्षी जुलैअखेर आला, साधारण ९० डॉलरला. युरोपात १९९० मध्ये. आत आठ बिटांचा प्रोसेसर, वेग सुमारे ४.१९ मेगाहर्ट्झ. कामाची मेमरी ८ किलोबाइट आणि चित्रासाठी वेगळी ८ किलोबाइट. पडदा १६० बाय १४४ पिक्सेलचा, त्यात चारच छटा. त्याही हिरवट पिवळ्या पार्श्वभूमीवर. पडद्यामागे दिवा नाही. चार पेन्सिल सेल घातले की पंधरा तासांच्या आसपास चालायचा.

आता शेजारी काय होतं ते बघा. त्याच वर्षी अटारीचा 'लिंक्स' आला. रंगीत पडदा, मागे दिवा, चित्रं कितीतरी सरस. किंमत साधारण १८० डॉलर. सेल सहा लागायचे आणि चार-पाच तासांत संपायचे. १९९० मध्ये सेगाचा 'गेम गिअर' जपानमध्ये आला. तोही रंगीत, तोही सहा सेलांचा, तीन ते पाच तासांत गार.

कागदावर गेमबॉय हरलेला होता आणि बाजारात तो जिंकला. 'गेमबॉय किती भारी होता' हे वाक्य इथेच तपासायला हवं. तो भारी नव्हता, आपल्या काळाच्याही मागे होता. मग त्याच्या निर्मात्यांनी तो तसा का केला?

मुरलेलं तंत्रज्ञान

निन्टेन्डो ही क्योटोमधली १८८९ सालची कंपनी. सुरुवातीचा धंदा हानाफुदा नावाचे जपानी पत्ते छापण्याचा. १९६५ साली तिथे गुनपेई योकोई नावाचा तरुण इंजिनिअर पत्त्यांच्या कारखान्यातली यंत्रं सांभाळायला लागला. रिकाम्या वेळात त्याने लांबवता येणारा खेळण्यातला हात बनवला. तो मालकांच्या नजरेस पडला आणि १९६६ मध्ये 'अल्ट्रा हँड' या नावाने विक्रीला आला. यंत्रं दुरुस्त करणारा माणूस खेळणी बनवणारा झाला तो असा.

१९७० च्या दशकात शार्प आणि कॅसिओ यांच्यात कॅल्क्युलेटरची जीवघेणी स्पर्धा झाली. तिच्यामुळे एलसीडी पडदे आणि छोट्या चिप स्वस्त झाल्या. योकोई सांगायचे की, बुलेट ट्रेनमध्ये एक कंटाळलेला नोकरदार कॅल्क्युलेटरची बटणं उगाच दाबत बसलेला त्यांना दिसला आणि त्यातून खिशात मावणाऱ्या खेळाची कल्पना आली. १९८० साली 'गेम अँड वॉच' मालिका सुरू झाली. एका यंत्रात एकच खेळ, कोपऱ्यात घड्याळ. १९८२ च्या 'डाँकी काँग' यंत्रावर त्यांनी अधिकच्या चिन्हासारखं, चार दिशांचं बटण बसवलं. आज बहुतेक गेम कंट्रोलरवर डाव्या अंगठ्याखाली तेच असतं.

योकोईंचं सूत्र जपानीत प्रसिद्ध आहे. त्याचं इंग्रजी भाषांतर करताना 'कोमेजलेलं तंत्रज्ञान' असा शब्द घेतात. मला मराठीत 'मुरलेलं' जास्त जवळचं वाटतं, लोणचं मुरतं तसं. जुनं झालंय, त्याचे सगळे गुणदोष माहीत झालेत, भरपूर आणि स्वस्त मिळतंय, अशा तंत्रज्ञानाला भलत्याच दिशेने वापरायचं. अद्ययावत भाग शोधत बसायचं नाही.

गेमबॉय हे त्या सूत्राचं फळ. योकोई, सातोरू ओकादा आणि त्यांच्या गटाने रंग सोडला, दिवा सोडला. त्याबदल्यात सेल जास्त चालले, किंमत खाली आली आणि यंत्र दणकट झालं. १९९०-९१ च्या आखाती युद्धात भाजून निघालेला एक गेमबॉय न्यूयॉर्कमधल्या निन्टेन्डोच्या दुकानात अनेक वर्षं काचेच्या पेटीत ठेवलेला होता. वरचं प्लास्टिक वितळून काळंठिक्कर, आणि पडद्यावर टेट्रिस चालू.

आठवण काय गाळते

आता आठवणीकडे येऊ. गेमबॉय खेळलेल्या माणसांना आज विचारलं तर हिरवट पडदा त्यांना प्रेमाने आठवतो. त्या काळात मात्र हाच पडदा डोकेदुखी होता. उजेड नसेल तर काही दिसायचं नाही, आणि वेगाने हलणारी चित्रं मागे शेपटासारखी सावली सोडायची. अमेरिकेत वाढलेले लोक सांगतात की, रात्री गाडीच्या मागच्या सीटवर बसून, रस्त्यावरचा एकेक दिवा मागे जाताना मिळणाऱ्या क्षणभर उजेडात ते खेळायचे. आज हा किस्सा गोड वाटतो, तेव्हा ती अडचण होती.

मग त्या काळातली तक्रार शोधायची कुठे? तीस वर्षांनी घेतलेल्या मुलाखतीत ती सापडणं अवघड, तिथे सगळं मऊ झालेलं असतं. एक चांगली जागा म्हणजे जोडसाहित्याचा बाजार. गेमबॉयसाठी चिमट्यासारखे अडकवायचे दिवे विकले जायचे. दिवा आणि भिंग एकत्र असलेली उपकरणं होती. मोठ्या क्षमतेच्या बॅटऱ्या होत्या. हे सगळं कंपन्या उगाच बनवत नव्हत्या. लोकांना जे खुपत होतं तेच त्यांनी विकायला काढलं. माणूस आपली तक्रार विसरतो, पण त्या तक्रारीवर कुणी चार पैसे कमावले असतील तर जाहिरातीत आणि किंमतपत्रकात ती शिल्लक राहते. तुमचा विषय कुठलाही असो, ही युक्ती वहीत लिहून ठेवा.

दुसरी बाजूही बघा. २०२१ मध्ये अ‍ॅनालॉग या कंपनीने 'पॉकेट' नावाचं यंत्र आणलं. त्यावर गेमबॉयची जुनी कार्ट्रिज चालतात. पडदा १६०० बाय १४४० चा, म्हणजे एका जुन्या पिक्सेलच्या जागी शंभर नवे. आणि इतका देखणा पडदा कशासाठी वापरता येतो? तर जुना, हिरवट, ठिपक्याठिपक्यांचा पडदा हुबेहूब दाखवण्यासाठी. २०२३ पासून निन्टेन्डोच्या स्विचवर गेमबॉयचे खेळ मिळू लागले, तिथेही हिरवट छटेचा पर्याय दिलेला आहे. जो दोष घालवायला लोक पैसे मोजत होते, तोच दोष परत मिळवायला ते आज पैसे मोजतात. बॉइमचा पहिला प्रकार म्हणजे हा: जसंच्या तसं परत उभं करणं. पण परत येतो तो पडद्याचा रंग. अंधारात न दिसण्याची चिडचिड, संपत आलेले सेल आणि "बास झालं आता" म्हणणारी आई काही परत येत नाही. आठवण वस्तू जपते आणि तिच्याभोवतीची परिस्थिती गाळून टाकते. इतिहास लिहिणाऱ्याला गाळलेलं तेवढं परत शोधावं लागतं.

किस्से आणि आकडे

गेमबॉयच्या यशाचं श्रेय टेट्रिसला दिलं जातं आणि ते रास्तच आहे. १९८४ साली मॉस्कोत, सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात अलेक्सेई पाजित्नोव यांनी हा खेळ 'इलेक्ट्रॉनिका ६०' या संगणकावर लिहिला. त्या यंत्रावर चित्रं काढायची सोय नव्हती, म्हणून ठोकळे कंसाच्या चिन्हांनी बनवलेले होते. १९८९ च्या फेब्रुवारीत हेंक रॉजर्स मॉस्कोला गेले आणि हातात धरायच्या यंत्रांसाठीचे हक्क मिळवून आले. अमेरिकेत गेमबॉयच्या खोक्यातच टेट्रिस दिला गेला.

इथे एक प्रसिद्ध किस्सा आहे. निन्टेन्डोच्या अमेरिकेतल्या शाखेचे प्रमुख मिनोरू अराकावा यांना रॉजर्स म्हणाले की, फक्त लहान मुलग्यांनी यंत्र घ्यावं असं वाटत असेल तर सोबत मारिओ द्या, सगळ्यांनी घ्यावं असं वाटत असेल तर टेट्रिस द्या. किस्सा झकास आहे, पण सांगणारे आहेत रॉजर्स स्वतः, म्हणजे ज्यांचा त्या निर्णयात फायदा होता तेच. म्हणून तो खोटा ठरत नाही. प्रबंधात मात्र तो 'असं झालं' असा न येता 'रॉजर्स असं सांगतात' असा यायला हवा. त्याच व्यवहारावर २०२३ मध्ये 'टेट्रिस' हा चित्रपट आला. त्यातला गाड्यांचा पाठलाग चित्रपटासाठी रचलेला आहे. आणखी वीस वर्षांनी कुणाच्या तरी 'आठवणीत' तो पाठलाग खरा झालेला असेल. आठवणीवर नंतरची पुटं चढतात ती अशी.

आता आकडा. 'गेमबॉयची विक्री ११ कोटी ८६ लाख' असं तुम्ही वाचलं असेल. निन्टेन्डोच्या स्वतःच्या तक्त्यात ११ कोटी ८६ लाख ९० हजार हा आकडा आहे खरा, पण त्यात १९८९ चा मूळ गेमबॉय, १९९६ चा सडपातळ 'पॉकेट' आणि १९९८ चा 'गेमबॉय कलर' हे सगळे एकत्र मोजलेले आहेत. नुसत्या राखाडी विटेचा हा आकडा नाही. ही सगळी यंत्रं एक मानायची की वेगवेगळी, हे कंपनीने आपल्या सोयीने ठरवलेलं वर्गीकरण आहे. आकडा उचलण्याआधी त्याची व्याख्या उचला.

वर्गीकरणामुळे आणखी एक गोष्ट झाकली जाते. १९९५-९६ पर्यंत गेमबॉय म्हातारा झाला होता. २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानमध्ये 'पोकेमॉन'चे लाल आणि हिरवा असे दोन खेळ आले आणि यंत्राला दुसरा जन्म मिळाला. सातोशी ताजिरी यांना लहानपणी किडे पकडायचा नाद होता. दोन गेमबॉय जोडणारी केबल बघून त्यांना त्या केबलवरून इकडून तिकडे जाणारे किडे सुचले. दोन खेळांमध्ये काही प्राणी मुद्दाम वेगळे ठेवले होते, त्यामुळे सगळे गोळा करायचे तर मित्राशी अदलाबदल करणं भाग होतं. टेट्रिसची पिढी आणि पोकेमॉनची पिढी एकाच यंत्राबद्दल हळवी होते, पण एकीला रेल्वेतला एकटेपणा आठवतो आणि दुसरीला शाळेच्या मधल्या सुट्टीतली देवाणघेवाण.

लोगोची गोष्ट

गेमबॉयप्रेमींना सगळ्यात जास्त काय आठवतं? बटण सरकवल्यावर वरून हळूहळू खाली येणारा 'निन्टेन्डो' हा शब्द आणि मग 'टिंग'. ही त्या यंत्राची जणू ओंकारध्वनीच.

आता हेच तंत्राच्या बाजूने बघा. तो लोगो आहे एक कुलूप. यंत्रात २५६ बाइटचा छोटा सुरुवातीचा प्रोग्रॅम असतो. तो कार्ट्रिजमध्ये साठवलेलं लोगोचं चित्र वाचतो, पडद्यावर दाखवतो आणि मग आपल्या पोटातल्या प्रतीशी ताडून बघतो. जुळलं नाही तर यंत्र तिथेच अडतं. परवानगीशिवाय खेळ विकणाऱ्याला त्यामुळे निन्टेन्डोचा लोगो आपल्या कार्ट्रिजमध्ये घालावाच लागे, म्हणजे नोंदणीकृत चिन्हाच्या उल्लंघनाचा दावा ठोकायला कंपनी मोकळी. सेगाने अशीच युक्ती आपल्या टीव्हीला जोडायच्या यंत्रात केली होती. १९९२ च्या सेगा विरुद्ध अकोलेड खटल्यात अमेरिकी अपील न्यायालयाने ती मान्य केली नाही.

कार्ट्रिजच्या तोंडावर धूळ बसली की लोगोच्या जागी नुसती काळी पट्टी किंवा खिचडी दिसायची, कारण कार्ट्रिजमधलं चित्र नीट वाचलंच जात नव्हतं. मग कार्ट्रिज काढायचं, फुंकर मारायची, परत घालायचं. जिची मुलं वाट बघायची ती गोष्ट मुळात वकिलांची सोय होती. यामुळे आठवण खोटी ठरत नाही. एकाच घटनेचे दोन अर्थ असतात, वापरणाऱ्याचा वेगळा आणि बनवणाऱ्याचा वेगळा. इतिहासात दोन्हींना जागा हवी.

पुढची गोष्ट विज्ञानवाल्यांसाठी. हा २५६ बाइटचा प्रोग्रॅम काम झालं की स्वतःला लपवून टाकतो, बाहेरून वाचता येत नाही. २००३ साली एका हौशी माणसाने चिपचं आवरण काढून, सूक्ष्मदर्शकाखाली एकेक बिट डोळ्यांनी वाचून तो मिळवला. २०४८ बिट! ताम्रपट वाचणाऱ्या पुराभिलेखवाल्यांना हे काम ओळखीचं वाटेल. हे त्याच्याकडून कोणत्या प्रयोगशाळेने करून घेतलं नाही, वस्तूवरच्या प्रेमापोटीच झालं. नॉस्टॅल्जियाला नावं ठेवण्याआधी हेही लक्षात ठेवू.

सेल संपतो तेव्हा

पोकेमॉनसारख्या खेळाच्या कार्ट्रिजमध्ये बटणाएवढा एक सेल असतो. तुम्ही खेळ जिथे थांबवला ती नोंद त्या सेलच्या जिवावर टिकते. सेल संपला की खेळ चालतो, पण तुमची प्रगती आणि नाव देऊन वाढवलेले प्राणी सगळं पुसलं जातं. १९९० च्या दशकातले ते सेल आता एकेक करून मरत आहेत. लोक सोल्डरिंगची इस्त्री घेऊन ते बदलतात. तोच सेल बदलताना जरा चुकलं तर जे वाचवायचं तेच जातं.

खेळांचंही तेच. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या अमेरिकी संस्थेने २०२३ मध्ये अहवाल काढला. २०१० पूर्वी अमेरिकेत आलेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ तेव्हा बाजारात सरळ मार्गाने विकत मिळत नव्हते. गेमबॉय हा त्यांनी तपासलेल्या नमुन्यांपैकी एक होता. मिळतात ते मारिओ, झेल्डा यांच्यासारखे, म्हणजे ज्यांची आठवण विकली जाते ते. मधले, बरे, फसलेले, विचित्र खेळ जातात. मग पुढच्या पिढीला वाटणार की, गेमबॉयवरचा प्रत्येक खेळ उत्तम होता. संख्याशास्त्रात याला सर्व्हायव्हरशिप बायस म्हणतात: उरलेल्यांकडे बघून सगळ्यांबद्दल निष्कर्ष काढणं. नॉस्टॅल्जिया हा पक्षपात नुसता दाखवत नाही, तो वाढवतो, कारण काय वाचवायचं तेही तोच ठरवतो.

आणि आपल्याकडे?

आता एक अडचणीचा प्रश्न. माझ्या वयाची महाराष्ट्रातली कितीतरी मुलं गेमबॉयबद्दल हळवी होतात. त्यांतल्या किती जणांच्या हातात तो होता? काही घरांत तो परदेशातून आलेल्या मामा-काकांच्या बॅगेतून पोचला. पण आमच्यातल्या अनेकांनी २००३ च्या सुमारास कार्टून नेटवर्कवर पोकेमॉन आधी पाहिला आणि गेमबॉय बघितला तो सायबर कॅफेतल्या किंवा भावाच्या कॉम्प्युटरवर, एम्युलेटरच्या चौकोनात. बटणं म्हणजे कीबोर्डचे बाण. हिरवट पडदा नाही, सेल नाही, फुंकर नाही.

खरोखर हातात होता तो 'ब्रिक गेम'. जत्रेत, एसटी स्टँडवर, खेळण्यांच्या दुकानात मिळणारा. दोन पेन्सिल सेल. १० बाय २० चौकोनांचा पडदा, कॅल्क्युलेटरसारखा, ज्यात ठोकळे काचेतच आखलेले असतात आणि फक्त काळे-पांढरे होतात. पुठ्ठ्यावर '९९९९ इन १' असं छापलेलं. प्रत्यक्षात टेट्रिस, साप, गाड्यांची शर्यत, रणगाडे असे मोजके खेळ, आणि त्यांनाच वेग आणि पातळी बदलून हजारोंचा हिशेब केलेला. मॉस्कोत लिहिलेला पाजित्नोव यांचा खेळ मराठी घरांत पोचला तो बहुतांशी या बिनपरवान्याच्या वाटेने. योकोईंचं 'मुरलेलं तंत्रज्ञान' सगळ्यात टोकाला कुणी नेलं असेल तर ते या यंत्राने.

पण त्याच्या पाठीवर 'मेड इन चायना'पलीकडे सहसा काही नसायचं. गेमबॉयला वाढदिवस आहे, निर्मात्याचं नाव आहे, विक्रीचा तक्ता आहे, जपणाऱ्या संस्था आहेत. ब्रिक गेमकडे यातलं काही नाही. म्हणून आठवण काढायची वेळ येते तेव्हा आपण आपल्या हातातली वस्तू सोडून जगाच्या हातातली वस्तू आठवतो. ज्याचं दप्तर तयार आहे त्याचीच आठवण सोपी असते. आपलं बालपण आपल्याच डोक्यात दुसऱ्याच्या चित्रांनी भरलं जातं, आणि खरं यंत्र केव्हाच भंगारवाल्याकडे गेलेलं असतं.

यातून संशोधनाचा प्रश्न कसा काढायचा

'गेमबॉयचं बालपणावरचं प्रभाव' हा विषय घेऊन गाइडकडे गेलात तर ते परत पाठवतील, आणि योग्यच करतील. त्याला ना काळ आहे ना जागा. त्याऐवजी असे प्रश्न करून बघा:

१. १९९५ ते २००५ या दहा वर्षांत ब्रिक गेम मुंबई-पुण्याच्या घाऊक बाजारातून तालुक्याच्या दुकानापर्यंत कोणत्या हातांतून गेले?

२. त्या काळातल्या मराठी दैनिकांच्या दिवाळी आणि सुट्टीतल्या जाहिरातींत हातातले खेळ कोणाला उद्देशून विकले जात होते, मुलग्यांना की सगळ्या घराला?

३. बिघडलेले खेळ दुरुस्त कोण करायचं, आणि ते कौशल्य पुढे मोबाइल दुरुस्तीत गेलं का?

प्रत्येक प्रश्नाला एक पुरावा शोधता येण्यासारखी जागा आहे. मुंबईत मनीष मार्केट आणि लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली. जुन्या दुकानदारांची बिलबुकं, वर्तमानपत्रांच्या फायली, आयात शुल्काची कागदपत्रं. आणि अर्थात माणसं.

माणसांशी बोलताना एक करा. "तेव्हा कसं वाटायचं?" हा प्रश्न शेवटी ठेवा. त्या प्रश्नाला सगळे "भारी वाटायचं" असंच सांगतात. आधी परिस्थिती विचारा. सेल कोण आणायचं आणि त्याचे पैसे कोण द्यायचं? घरात खेळ एक आणि भावंडं तीन, मग पाळी कशी ठरायची? बहिणीला किती वेळ मिळायचा? आवाज बंद करता येत होता का, आणि आजोबा झोपलेले असताना काय करायचात? शक्य असेल तर वस्तू हातात द्या. अंगठे आपोआप जागेवर जातात आणि तोंडाने न आठवलेलं हाताला आठवतं. एकदा ही उत्तरं आली की "कसं वाटायचं" याचं उत्तरही वेगळं येतं. त्यात रंजन असतं, आणि बरेचदा होफरने नोंदवलेली कळही असते.

शीर्षकातल्या प्रश्नाचं माझं उत्तर असं: आठवण हा पुरावा आहे, पण तो आधी आजचा पुरावा आहे. १९८९ मध्ये काय घडलं हे ती थोडंच सांगते. आज आपल्याला काय कमी पडतंय हे बरंच सांगते. एका वेळी एकच खेळ, मध्ये नोटिफिकेशन नाही, संपला की संपला. गेमबॉयच्या ओढीत हे आहे आणि ते २०२० च्या दशकाबद्दल आहे. दोन्ही काळ वेगळे ठेवता आले की तुमचं वेड संशोधनाला लावायला हरकत नाही.

या सुट्टीत गावी गेलात तर माळ्यावरची जुनी खोकी उघडून बघा. ब्रिक गेम सापडला तर आधी सेल काढून ठेवा, गळलेल्या सेलमधलं रसायन पट्ट्या खाऊन टाकतं. मग पुढून-मागून फोटो काढा, पाठीवर जे काही छापलंय ते उतरवून घ्या, तो केव्हा, कुठून आणि किती रुपयांना घेतला हे घरातल्या मोठ्यांना विचारून तारखेसकट लिहून ठेवा. या वस्तूचं दप्तर कुणी तयार केलेलं नाही. पहिलं पान तुमचं असू शकतं.